दुसरं माप

दादा शिडीवरून पडला तो थेट डोक्यावर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा उभा जन्म गेला, पण शिडी टेकवताना खालची फरशी ओली आहे का, हे बघायची सवय काही त्याला लागली नाही. पडल्यावर तो शुद्धीत होता. हात हलत होते, पाय हलत होते, जीभ तर जरा जास्तच हलत होती. मान मात्र त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती, डोकं निसटून खाली पडेल की काय अशा धास्तीने. स्कॅन काढल्यावर कळलं की त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. मानेचा पहिला मणका दोन ठिकाणी मोडला होता.

त्याची धाकटी बहीण त्याच इस्पितळाला जोडलेल्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायची. लहानपणी ती दिसेल त्या वस्तूला पट्टी लावून बघे, म्हणून दादाने तिचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. तिची पन्नाशी आली तरी ते काही सुटलं नव्हतं.

"ये फूटपट्टे," मानेच्या कडक पट्ट्यात अडकलेल्या तोंडाने तो म्हणाला. "किती उरलोय ते मोज एकदा."

"फरशी ओली होती?"

"होती."

"मग चढलास कशाला?"

"पाटी वर होती म्हणून."

वहिनी खाटेजवळच्या स्टुलावर बसली होती. "हे असंच आहे बघ," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, आज राहू दे. माझं ऐकलं तर कमीपणा येतो ना." तिचे डोळे रडून रडून सुजले होते आणि आवाजाला धार आली होती. उद्या सकाळी ऑपरेशन आहे, एवढाच तिला आधार होता. उद्या सकाळ झाली की डॉक्टर काय ते बघतील.

सर्जन तरुण होता. पंधरा वर्षांपूर्वी तो दादाच्या या बहिणीच्याच वर्गात बसायचा, त्यामुळे अजूनही तिला बघून उठून उभा राहायचा. त्याने तिला आपल्या खोलीत नेऊन पडद्यावर दादाची मान दाखवली. तिला समजावून सांगण्यासारखं त्यात फार नव्हतं. बाकीच्या मणक्यांना पुढे भरीव पोट असतं, या पहिल्याला ते नसतंच. नुसती कडी. दोन्ही बाजूंना जाड, त्या जाडीवर डोकं बसतं, आणि मागे एक बारीक कमान. कमानीच्या वरच्या अंगाला खोबण, आणि त्या खोबणीतून मेंदूला रक्त नेणारी एक वाहिनी वळसा घालून वर जाते.

"स्क्रू मागच्या कमानीतून घालतो," सर्जन म्हणाला. "पकड पक्की बसते. स्क्रू साडेतीन मिलिमीटरचा, कमान भरतेय सहा. ऐसपैस जागा आहे. तुमच्या पेपरात दिलंय तसंच मोजलंय आम्ही."

"माझ्या कुठल्या पेपरात?"

तो हसला. "मॅडम, एवढा विनय बरा नाही. आमच्या इथे सगळे तोच वापरतात. सरांनी आणि तुम्ही मिळून विभागातले पहिले मणके मोजलेत तो. दोघांची मापं इतकी जुळली की आम्हाला डोळे झाकून भरवसा ठेवता आला."

त्याने फोनवर पेपर उघडून दिला. सर्जन लोकांच्या एका नियतकालिकात दोन वर्षांपूर्वी छापून आलेला. पहिली मापं विभागप्रमुखांची, म्हणजे सरांची. दुसरी, स्वतंत्रपणे घेतलेली, तिची. नाव तिचं, पद तिचं, स्पेलिंगसुद्धा बरोबर.

तिने त्यातलं एकही हाड मोजलेलं नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं तिला झालं नाही. आधी तिचे कान थंड पडले. मग ती उठली आणि जिना उतरून, मधलं आवार ओलांडून, आपल्या विभागात गेली. आग चढली ती त्या आवारात चालताना. फाटकापासून पायरीपर्यंत येता येता तिला सगळं आठवलं. सरांनी तिला या कामात घेतलं होतं. तिने म्हटलं होतं, मोजायच्या आधी कसं मोजायचं ते ठरवू. जाडी मोजायच्या कॅलिपरची टोकं नेमकी कुठे टेकवायची, हाड कसं धरायचं, एकाने दुसऱ्याचे आकडे बघायचे नाहीत, काही दिवसांनी तीच हाडं पुन्हा उलटसुलट क्रमाने मोजायची. ती हे लिहीत असतानाच एक दिवस सर म्हणाले होते, राहू दे, ते काम बारगळलं.

सर आपल्या खोलीत चष्मा पुसत बसले होते. तिने दार वाजवलं नाही.

"सर, पहिल्या मणक्याची हाडं मी कधी मोजली?"

"कुठली गं?"

"ज्यांच्यावर माझं नाव छापलंय ती."

"अच्छा, ते होय." त्यांनी चष्मा उजेडाकडे धरून बघितला. "भलं केलं तर तूच जाब विचारायला आलीस. दुसरा मोजणारा असल्याशिवाय ते लोक छापत नाहीत. म्हटलं, दुसऱ्या कोणाचं नाव घालण्यापेक्षा आपल्या माणसाचं घालावं."

"तुम्ही म्हणालात काम बारगळलं."

"तू नुसती पद्धतच लिहीत बसली होतीस. तेवढ्यात एखाद्याचं घर बांधून होतं."

"मग दुसरी मापं आली कुठून?"

"माझ्याच मापांत जरा इकडेतिकडे केलं. एखादा दशांश वर, एखादा खाली." सर अगदी सहज बोलत होते, बाजारातून येताना काय आणलं ते सांगावं तसं. "जुळलीच असती आपली. तुला शिकवलं कोणी? मीच ना? मग तुझा हात माझ्याहून वेगळं काय सांगणार होता? जे जुळणारच आहे ते परत मोजायचं कशाला?"

"न मोजता जुळतं त्याला माप म्हणत नाहीत सर. थाप म्हणतात."

"आवाज खाली."

"नाही होणार खाली! दुसरा माणूस कशाला असतो मोजायला? पहिल्याची चूक धरायला. तुम्ही मला त्या खुर्चीतून उठवलंत आणि तिथेही स्वतःच जाऊन बसलात. आरशात बघून विचारलंत, बरोबर आहे ना? आरसा म्हणाला, हो सर!"

सरांनी चष्मा घातला. "हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. पेपरवर तुझंही नाव आहे."

ती निघालीच होती. पण दाराशी तिच्या मनात एक गोष्ट आली आणि तिने वळून विचारलं, "पूल असलेल्या हाडांत कॅलिपर कुठे धरलात?"

काही माणसांच्या पहिल्या मणक्यात त्या खोबणीवर हाडाचाच एक छोटा पूल तयार होतो. रक्तवाहिनी मग उघड्या खोबणीतून न जाता त्या पुलाखालून जाते. माणसाला याचा काही त्रास नसतो, जन्मभर पत्तासुद्धा लागत नाही. पण बाजूने बघणाऱ्याला पूल आणि कमान मिळून एकच जाडजूड हाड वाटू शकतं.

"कुठे म्हणजे? बाहेरून," सर म्हणाले. "वरपासून खालपर्यंत. जाडी ती जाडी."

ती पळतच सुटली. या वयात, साडीत, पेशंटांच्या रांगेतून.

"दादाच्या मणक्यावर पूल आहे का?" सर्जनच्या खोलीत शिरता शिरता तिने विचारलं.

"रिपोर्टमध्ये तसं काही नाही मॅडम. पहिला स्कॅन घाईत काढलाय, काप जाड आहेत, बारीकसारीक दिसत नाही. पण कमान सहा भरतेय म्हणजे..."

"सहा कोणी मोजलं? कसं?"

"रेसिडेंट डॉक्टरने. पेपरात दिलंय तसंच, बाहेरून..." तो थांबला.

तिने त्याला सगळं सांगितलं. सर्जनने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, पण उद्याच्या ऑपरेशनांची यादी ठरलेली होती, आणि मोडलेल्या मानेचा माणूस पुन्हा उचलून स्कॅनला न्यायचा म्हणजे जोखीम होती. "मॅडम, राग मानू नका. एकीकडे छापलेला पेपर, दुसरीकडे तुमचा एकटीचा शब्द. त्यात पेशंट तुमचा भाऊ."

"माझ्या शब्दावर जाऊच नकोस," ती म्हणाली. "चल. स्वतः मोज."

हाडांच्या खोलीत लांबलचक टेबल होतं आणि खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. तिने ट्रेमधून काही मणके काढले, पूल असलेले आणि नसलेले मिसळून, आणि त्यांच्यावरचे नंबर चिकटपट्टीने झाकले. दोघांनी एकमेकांकडे पाठ करून मोजलं. एकाने मोजलेलं हाड टेबलावरून मागे सरकवायचं, दुसऱ्याने घ्यायचं, बोलायचं नाही.

मग आकडे शेजारी ठेवले तर ते जुळेनात. पूल नसलेल्या, अगदी साध्या हाडांतही फरक येत होता, कुठे अर्धा, कुठे जवळपास एक मिलिमीटर.

"बघा," सर्जन म्हणाला. "आपलंही जुळत नाही. मग सरांनाच कशाला दोष द्यायचा?"

"आपलं जुळत नाही हे आपल्याला कळलं तरी!" ती कडाडली. "त्यांना कळायची सोयच त्यांनी ठेवली नाही. दे इकडे. कुठे धरलास तू?"

त्याने खोबणीच्या मधोमध धरलं होतं. तिने जिथे हाड सगळ्यात पातळ लागेल तिथे. शिवाय त्याचा कॅलिपर किंचित तिरका होता. तिरक्या कॅलिपरमध्ये सगळं जाडच भरतं. दोघं त्यावरून चांगलेच भांडले. तो म्हणाला, पातळ जागा शोधायची म्हटली की प्रत्येकजण आपापली शोधणार. ती म्हणाली, स्क्रू काय तुला विचारून जाड जागेतून जाणार आहे? शेवटी ठरलं की खोबणीत टोक सरकवत न्यायचं, सगळ्यात लहान आकडा येईल तो घ्यायचा, कॅलिपर कमानीला काटकोनात, आणि पूल असेल तर टोक पुलाखालून आत घालायचं. हाडं पुन्हा मिसळली. पुन्हा पाठीला पाठ लावून बसले.

या वेळी आकडे जुळले. तंतोतंत नाही, पण जो फरक होता तो केसाएवढा, खऱ्या हातांत असतो तेवढा. आणि ज्यांच्यावर पूल होता त्या मणक्यांत सर्जनने स्वतःच्या हाताने जे मोजलं होतं, ते त्याने दोनदा वाचलं. बाहेरून सहा, साडेसहा. पुलाखाली खरी कमान तीनसुद्धा नाही.

त्याने फोन काढला आणि उद्याच्या यादीतून दादाचं नाव काढायला सांगितलं.

ऑपरेशन पुढे गेल्याचं वहिनीला नर्सकडून कळलं. एरवी ती नणंदेला नावाने हाक मारी. चिडली की मात्र मान द्यायची.

"या वन्सं, या. तुम्ही थांबवलंत म्हणे?"

"परत स्कॅन करायचाय. नीट मोजायचंय."

"मोजायचंय! माणूस मान मोडून पडलाय आणि हिला मोजायचंय! डॉक्टर तयार, सगळं तयार, आणि तुम्ही मध्ये येऊन..." वहिनीने पदराने तोंड दाबलं, मग परत सोडलं. "याला उचलताना काही झालं तर तुमच्या त्या पट्टीने काय मोजाल? माझं कपाळ?"

नणंदेला खूप काही सांगता आलं असतं. पूल, खोबण, आरसा. पण तिचाही ताबा सुटला होता. "झालं असतं ते उद्या झालं असतं!" ती ओरडली. "त्याने स्क्रू घातला असता आणि रक्त थांबलं नसतं! मला काय हौस आहे का?"

शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक माना वळवून बघू लागले.

"अगं ए," दादा छताकडे बघत म्हणाला, त्याला दुसरीकडे बघताच येत नव्हतं. "मान माझी आहे. मला कोणी विचारणार आहे का?"

दोघी खाटेकडे वळल्या.

"मी पाटी रंगवायच्या आधी दोनदा मोजतो," तो म्हणाला. "एकदा मोजून अक्षरं काढली की शेवटचं अक्षर कडेवरून खाली पडतं. मोजू दे तिला."

स्ट्रेचर आलं तेव्हा दादाला मान न हलवता उचलायला चार माणसं लागली, आणि पाय वहिनीने धरले.

बारीक कापांच्या स्कॅनमध्ये पूल स्पष्ट दिसला. उजव्या बाजूला, मडक्याच्या कानासारखा, आणि त्याच्याखाली रक्तवाहिनीचा गोल काळा डाग. सर्जनने आणि तिने वेगवेगळ्या पडद्यांवर कमान मोजली आणि मगच एकमेकांना आकडे सांगितले. दोघांचेही अडीचच्या आसपास होते. साडेतीनचा स्क्रू तिथून गेला असता तर कमान फोडून थेट वाहिनीत.

सर्जन पडद्यासमोरून उठला नाही. तिला वाटलं तो पुढचं ऑपरेशन ठरवतोय.

"मागच्या वर्षी एक पेशंट होता," तो म्हणाला. "शिंपी. मोटरसायकलवरून पडलेला. कमानीतूनच स्क्रू घातला. सगळं मापात होतं, आणि रक्त असं आलं की... जगला. पण मेंदूचा मागचा भाग गेला. तोल गेला त्याचा. भिंत धरून चालतो. मला वाटलं माझा हात चुकला. मॅडम, मी वर्षभर झोपलो नाही." त्याने जुना स्कॅन उघडला. तेवढेच जाड काप होते, पण काय शोधायचं हे आता माहीत होतं. दोघांनीही बघितलं. दोघांनाही दिसलं.

मग त्याने हातातला पेन भिंतीवर फेकून मारला.

दादाचं ऑपरेशन दुसऱ्या वाटेने झालं. कमानीला हात न लावता, तिच्या खालून, बाजूच्या जाड हाडात स्क्रू घातले. या वाटेवर शिरांचं जाळं असतं, त्यामुळे रक्त गेलं, वेळ लागला, वहिनीने बाहेरच्या बाकाची कड नखांनी खरवडून काढली. पण तो शुद्धीवर आला तेव्हा हात हलत होते, पाय हलत होते, आणि जीभही. मान आता पूर्वीच्या निम्मीच वळते. शिडीवर चढायचं कायमचं बंद. तो खाली बसून पाट्या रंगवतो, लावायला दुसरा माणूस जातो आणि त्या वाकड्या लागतात, त्यावरून घरात रोज भांडण होतं.

प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. सर तिथेच बसले होते. प्राचार्य फार गोड बोलत होते. "झाकली मूठ राहू दे. तुम्ही लिहून द्या, आकड्यांत नजरचूक झाली होती. दोघांची. सर पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. आणि तुमचा भाऊ तर वाचला, मग आता एवढा राग कशाला?"

"तो माझा भाऊ होता म्हणून वाचला," ती म्हणाली. "ज्यांची बहीण हाडं मोजत नाही त्यांनी काय करायचं?"

तिने नजरचूक म्हणून काही लिहून दिलं नाही. नियतकालिकाला घडलं ते कळवलं, अगदी सरांच्या शब्दांत. पेपर मागे घेतला गेला, पण त्याला पाऊण वर्ष लागलं, आणि कारण छापलं गेलं ते "लेखकांमधील मतभेद". विभागात काहीजण तिच्याशी बोलेनासे झाले. काहीजण म्हणाले, नाव तर हिचंही होतं, आता अंगावर आलं म्हणून सोवळी झाली. सरांना निरोपाला शाल मिळाली. ती त्या दिवशी मुद्दाम सभागृहाशेजारच्या वर्गात तास घेत बसली, आणि टाळ्या ऐकू आल्या तेव्हा खडू तिच्या हातात मोडला.

त्यानंतर एका रविवारी ती आणि सर्जन शिंप्याच्या घरी गेले. सर्जन वाटेत दोनदा म्हणाला, परत जाऊ या. ती चालत राहिली.

दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीतलं शिलाई मशीन चादरीने झाकलेलं होतं. शिंपी भिंतीला तळहात लावत लावत आला आणि खुर्चीत बसला. त्याची बायको दाराशी उभी राहिली. सर्जनने सगळं सांगितलं. माप कसं चुकलं, का चुकलं, आपण कुठल्या पेपरवर विसंबलो. तिने सांगितलं की त्या पेपरवर तिचं नाव आहे, आणि ते नाव तिथे कसं आलं. शिंप्याला समजावं म्हणून तिने नेलेला मणका त्याच्या हातात दिला. त्याने बोट पुलाखाली घालून बघितलं. बोट जात नव्हतं, मग त्याने करंगळीचं नख घातलं.

"म्हणजे मापच घेतलं नव्हतं?" तो म्हणाला. बोलतानाही त्याचे शब्द जरा अडखळत. "मी वर्षानुवर्षं लोकांचे कपडे शिवले. शर्ट बिघडला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं. आणि तुम्ही लोक... माझ्या मानेत..."

"हो," सर्जन म्हणाला.

"हे मला कशाला सांगायला आलात? तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून? आता मी म्हणायचं, जाऊ दे साहेब, चूक माणसाकडूनच होते?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही तक्रार करावी म्हणून. सरांवर, कॉलेजवर, याच्यावर. माझ्यावरही करा, माझं नाव छापलेलं आहे. आम्ही दोघं जिथे बोलवाल तिथे येऊन हेच सांगू."

शिंप्याने सर्जनकडे बघितलं. सर्जनने मान डोलावली.

मग दाराशी उभी असलेली बायको पुढे आली. तिने नवऱ्याच्या हातातला मणका काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. जोरात ठेवला.

"करायचीच," ती म्हणाली. "कुठे करायची, काय लिहायचं, सगळं आत्ता सांगा. बसा खाली. सांगून झाल्याशिवाय उठायचं नाही."

दोघं खाली बसले.